तांत्रिक लेखन मराठीत : ते ठेवावे कोठे ?

(उपसा सिंचन योजनांच्या पंपगृहांची देखभाल या विषयावर मराठीतून विनामोबदला पुस्तिका लिहू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसमोर कराड येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)

मित्रहो,

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या या गावात पाणी आणि पंप यांविषयी मी काही नवे सांगावे, अशी परिस्थिती नाही. आपल्यापैकी अनेकांचे उभे आयुष्य पंपगृहात गेले आहे. कोणी सहकारी उपसा सिंचन संस्थेत ऑपरेटर म्हणून काम केले, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवले, कोणी मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवले. येथून जवळच टेंभू हे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ मध्ये त्या गावी झाला. आज त्याच गावाचे नाव उपसा सिंचन योजनेमुळे आटपाडी-सांगोल्यापर्यंतच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागापर्यंत नेणारी ही यंत्रे ज्यांच्या हातावर चालतात, त्यांच्याजवळ केवढे ज्ञान साठलेले असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला क्वचितच येते.

हे ज्ञान बहुतेक वेळा कागदावर उतरत नाही. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत असते. पंपगृहातील माणूस ती कपाटात ठेवतो आणि काम शिकतो ते आपल्या आधीच्या माणसाकडून. तो आधीचा माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर ज्ञानही घरी जाते. ते सर्वांनी मिळून मराठीत लिहावे आणि गरजू माणसाला विनामूल्य द्यावे, असा संकल्प आपण केला आहे. त्याबद्दल प्रथम मी आपले मनःपूर्वक अभिनंदन करतो.

प्रश्न कोणता ?

आपण मला विचारलेला प्रश्न असा आहे : लिहिणारे तीसेक लोक आहेत, ते निरनिराळ्या गावी राहतात, प्रत्येकाला दिवसाचे काम सांभाळून तासभर मिळतो. अशा लोकांनी लिहिलेले तांत्रिक लेखन एकत्र कोठे ठेवावे ? संगणकाच्या क्षेत्रात यासाठी ज्या आज्ञावल्या आहेत, त्यांना आशय-व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. लेखन साठविणे, त्यात दुरुस्ती करणे, दुरुस्तीची नोंद ठेवणे, जाणत्याकडून ते तपासून घेणे आणि वाचकांसमोर मांडणे ही पाच कामे या प्रणालीने करावयाची असतात. अशा प्रणाली शेकड्यांनी उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच विनामूल्य आहेत. म्हणूनच निवड अवघड झाली आहे.

ही बाब केवळ तंत्रज्ञांची आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. नव्वदच्या दशकात आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून पंपांच्या देखभालीवर एक मराठी टिपण तयार केले होते. वर्षभर खपून सुमारे शंभर पृष्ठांचा मजकूर संगणकावर टंकलिखित करून घेतला. काही वर्षांनी त्यात सुधारणा करावी म्हणून ती फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन चिखल दिसू लागला. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी टंक वेगळा असे आणि देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो टंक नाहीसा झाला, त्याबरोबर आमचे लेखनही गेले. छापील प्रत एका सहकाऱ्याकडे होती ती पुराच्या पाण्यात भिजली. सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की लेखन कोणत्या घरात ठेवतो यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

वाईचा धडा

अनेक हातांनी लिहिलेले ज्ञान एकत्र आणण्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. कराडशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्य वाई येथे सुरू झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्याआधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शेकडो लेखक निरनिराळ्या शास्त्रांवर लिहिणार, तर एका कल्पनेला एकच शब्द वापरला जावा, ही काळजी संपादकांनी लेखनाआधी घेतली.

वाईच्या कामातून आपल्याला आणखी दोन गोष्टी शिकता येतात. प्रत्येक नोंदीखाली लेखकाचे नाव असे. मोबदला थोडा असो वा नसो, आपल्या श्रमाला आपले नाव लागते, या जाणिवेने माणूस जबाबदारीने लिहितो. दुसरी गोष्ट अशी की नोंद लेखकाकडून आली म्हणजे छपाईला गेली असे होत नसे. विषयाच्या जाणकाराने आणि संपादकाने ती तपासावी, भाषा एकसारखी करावी, मगच ती खंडात जावी, अशी शिस्त होती.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. अकारविल्हे रचलेला हा ग्रंथ विसाव्या खंडापर्यंत पोहोचला तेव्हा २०१५ साल उजाडले होते. पहिल्या खंडातील विज्ञानाच्या नोंदी तोवर जवळजवळ ४० वर्षांच्या झाल्या होत्या. छापील ग्रंथात एक ओळ बदलावयाची तर नवी आवृत्ती काढावी लागते. पुढे हे खंड संगणकावर वाचकांना खुले झाले, ते याच कारणास्तव योग्य झाले. पंपगृहाच्या बाबतीत तर एवढी वाट पाहणे परवडणारे नाही. नव्या पद्धतीचा स्टार्टर आला की जुनी सूचना त्याच दिवशी अपुरी ठरते.

विकीची पद्धत

याच्या दुसऱ्या टोकाला विकीची पद्धत आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. हवाई बेटांवरील भाषेत 'विकी' म्हणजे जलद. वाचणाऱ्यानेच चूक दिसताक्षणी ती दुरुस्त करावी, ही त्यामागील कल्पना. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तेथे लिहिणाऱ्यांना वेतन नाही, त्यांची परस्पर ओळखही बहुधा नसते. तरीही काम चालते, कारण प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला हे कोणालाही पाहता येते आणि बिघडलेले पान एका कळीसरशी पूर्ववत करता येते.

आपल्या भागातील ऊस उत्पादकाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर गाडीचे वजन होते, त्याची पावती हातात मिळते. ती पावती आहे म्हणून हजारो सभासदांचा व्यवहार विश्वासाने चालतो. पानाचा इतिहास ही लेखनाच्या काट्यावरची पावती आहे. ज्या प्रणालीत ती मिळत नाही, ती प्रणाली कितीही सुबक दिसली तरी सामुदायिक लेखनासाठी घेऊ नये.

चार मार्ग

आता आपल्यासमोर जे मार्ग आहेत त्यांचा विचार करू.

पहिला मार्ग आपण आजच चालत आहात. शब्दसंस्करणाच्या फाइली भ्रमणध्वनीवरून एकमेकांना पाठवायच्या. याला खर्च नाही, शिकावे काही लागत नाही. परंतु महिन्याभरात 'अंतिम', 'अंतिम दोन' आणि 'खरी अंतिम' अशा तीन फाइली फिरू लागतात आणि कोणती प्रमाण मानावी हे कोणालाच सांगता येत नाही. पाच माणसांच्या कामाला हा मार्ग कसाबसा पुरतो, तीस माणसांच्या कामाला पुरणार नाही.

दुसरा मार्ग वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारख्या प्रकाशन-प्रणालींचा. वर्डप्रेस २००३ मध्ये निघाले, ड्रुपल त्याच्याही आधीचे. यांत माणसांच्या भूमिका ठरवून देता येतात. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तपासल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नये, ही वाईची शिस्त येथे जशीच्या तशी बसविता येते. मात्र यांचा मूळ स्वभाव वृत्तपत्राचा आहे. आजचा लेख वर, कालचा खाली. एकमेकांत गुंतलेली दोनशे पाने वर्षानुवर्षे सुधारत राहावयाची, यासाठी त्यांना जोड-आज्ञावल्या लावाव्या लागतात. त्या वेळच्या वेळी अद्ययावत केल्या नाहीत, तर त्या वाटेने घुसखोरी होते. स्वयंसेवी संस्थांची कित्येक संकेतस्थळे याच कारणाने बंद पडतात.

तिसरा मार्ग विकीचा. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी भक्कम आहे, पण त्यासाठी विदागार आणि ते सांभाळणारा जाणता माणूस हवा. त्याहून लहान असे डोकुविकी २००४ पासून उपलब्ध आहे. त्याला विदागार लागत नाही, प्रत्येक पान साध्या मजकुराची एक फाइल म्हणून साठते. उद्या प्रणाली बंद पडली तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतात.

चौथा मार्ग आज्ञावलीकारांचा आहे. मजकूर साध्या खुणांनी लिहावयाचा, त्याच्या आवृत्त्या गिट या प्रणालीत ठेवावयाच्या आणि स्फिंक्ससारख्या साधनाने त्यातून संकेतस्थळ व छापील पुस्तक दोन्ही तयार करावयाचे. लिनक्सच्या गाभ्याचे दस्तऐवज २०१६ पासून याच रीतीने तयार होतात. तपासणी, इतिहास आणि छपाई या तिन्ही दृष्टींनी हा मार्ग सर्वांत काटेकोर आहे. परंतु तीस वर्षे पंप चालविलेल्या आपल्या सहकाऱ्याला गॅस्केट बदलण्याविषयी चार ओळी लिहिण्यासाठी प्रथम गिट शिकावयास सांगितले, तर त्या चार ओळी आपल्याला कधीच मिळणार नाहीत. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याला दारातच अडविणारी व्यवस्था आपल्या कामाची नाही.

जेथे चूक जीव घेते

यावर कोणी म्हणेल, मग विकी घ्यावा आणि सर्वांना मोकळीक द्यावी. येथे मला थोडे थांबवावेसे वाटते.

एक उदाहरण घेऊ. स्टार्टरच्या पॅनेलमध्ये काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, असे आपण लिहितो. त्याखाली दुसरे वाक्य असते : पॅनेलला कपॅसिटर जोडलेला असल्यास त्यातील विद्युतभार उतरल्याची खात्री करून मगच हात लावावा. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो, हे आपणांस ठाऊक आहे. आता समजा, कोणी चांगल्या हेतूने पान आटोपशीर करण्यासाठी ते दुसरे वाक्य काढून टाकले. विकीच्या इतिहासात त्याची नोंद राहील आणि उद्या-परवा कोणी ते परत घालीलही. परंतु मधल्या एका दिवसात ते पान वाचून कोणी पॅनेल उघडले तर काय ? शिवकालावरील लेखातील चूक वाचकाला चुकीची माहिती देते. आपल्या पानावरील चूक माणसाचा जीव घेऊ शकते.

म्हणून आपल्याला मोकळीक आणि तपासणी दोन्ही हवीत. सुदैवाने यावर उपाय आहे. जर्मन विकिपीडियाने २००८ पासून अशी पद्धत अवलंबिली आहे की नवख्या माणसाने केलेला बदल नोंदला जातो, पण अनुभवी सदस्याने पाहिल्यानंतरच सामान्य वाचकाला दिसतो. मीडियाविकी आणि डोकुविकी या दोहोंसाठी संमतीची सोय करणाऱ्या जोड-आज्ञावल्या आहेत. आपण पानांचे दोन वर्ग करावेत. विजेशी, दाबाशी आणि उंचीवरील कामाशी संबंध असलेली पाने दोन जाणकारांच्या संमतीशिवाय वाचकासमोर जाऊ नयेत. इतर पानांवर एकाची संमती पुरे. संमती देणाऱ्याचे नाव आणि तारीख पानावर असावी, म्हणजे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट राहील.

मराठीची कसोटी

परदेशी तज्ज्ञ प्रणालींची तुलना करतात, तेव्हा एका गोष्टीचा विचार ते करीत नाहीत, कारण त्यांना तो करावा लागत नाही. ती गोष्ट म्हणजे आपली भाषा.

युनिकोडमुळे मराठी मजकूर आता कोणत्याही यंत्रावर वाचता येतो आणि माझ्या त्या शंभर पृष्ठांवर ओढवलेला प्रसंग पुन्हा येण्याचे कारण नाही. तरी काही बारीक अडचणी शिल्लक आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असतात. एकाने एका रीतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर समोर असलेले पानही सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले, त्यापूर्वी अ या अक्षरावर चंद्र देऊन काम भागविले जाई आणि आजही दोन्ही प्रकार चालू आहेत. जी प्रणाली मजकूर साठविताना हे भेद मिटवू शकते, किंवा निदान तशी सोय जोडू देते, ती आपल्याला हवी.

सूचीचा क्रमही पाहावा. आपल्या वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते. युनिकोडच्या अनुक्रमात ते ल च्या शेजारी बसले आहे. क्ष आणि ज्ञ यांना तेथे स्वतंत्र जागाच नाही. प्रणालीला मराठी वर्णक्रम ठाऊक नसेल, तर अकारविल्हे सूची पाहून आपल्या शिक्षकांना हसू येईल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात, आणि मात्रा व वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. मीडियाविकीत शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे मराठीत जास्तीत जास्त ८५ चिन्हे. डोकुविकी आपल्या मूळ मांडणीत फाइलीचे नाव अशा सांकेतिक रीतीने लिहिते, की एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा लागतात आणि पंचविसेक चिन्हांच्या पुढचे शीर्षक अडचणीत येऊ शकते. पहिल्याच दिवशी मांडणीतील एक पर्याय बदलला की ही अडचण बरीच दूर होते. शंभर पाने लिहून झाल्यावर बदलावयाचे म्हटले तर मनस्ताप होतो.

शब्दांविषयीही दोन शब्द बोलतो. कागदोपत्री आपण फूट व्हॉल्व्ह म्हणतो, बांधावर त्यालाच फुटबॉल म्हणतात, आणि परिभाषेचा आग्रह धरणारा लेखक आणखी तिसरा शब्द वापरील. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवावेत, परंतु पंपगृहात रुळलेला शब्द हाकलून देऊ नये. विकीची खुबी अशी की एकाच पानाकडे अनेक नावांनी जाता येते. पान एका नावाने ठेवावे आणि उरलेली नावे त्याकडे वळवावीत. वाईच्या संपादकांनी परिभाषेचे काम आधी केले, तसे आपणही पहिले पान शब्दसूचीचे लिहावे.

बाहेर पडण्याची वाट

प्रणाली कोणतीही घ्या, ती कधीतरी सोडावी लागणार आहे, हे गृहीत धरूनच घ्या. मोझिला या संस्थेचे संकेतस्थळकारांसाठी असलेले तांत्रिक लेखन जगभरातील स्वयंसेवकांच्या साहाय्याने उभे राहिले आहे. ते २००५ मध्ये मीडियाविकीवर सुरू झाले, २००८ मध्ये दुसऱ्या विकीवर गेले, २०१२ मध्ये संस्थेने स्वतः लिहिलेल्या प्रणालीवर आले आणि २०२० च्या अखेरीस गिटच्या मार्गावर नेण्यात आले. १५ वर्षांत तीन स्थलांतरे झाली. शेवटच्या स्थलांतरानंतर ज्या भाषांमागे काम करणारा गट उभा नव्हता, त्या भाषांतील अनुवाद काढून टाकले गेले. लहान भाषांच्या लोकांनी हे विसरू नये. लेखन टिकते ते त्यामागे राबणारी माणसे असतील तरच, कोणतीही आज्ञावली ती उणीव भरून काढीत नाही.

विकिपीडियाचाही असाच अनुभव आहे. पहिल्या वर्षी ज्या आज्ञावलीवर तो चालत होता, ती वाढता भार सोसेना म्हणून २००२ मध्ये बदलली गेली. या घडामोडीत आरंभीच्या महिन्यांतील बऱ्याच बदलांची नोंद दिसेनाशी झाली. ती जुन्या फाइलींच्या एका साठ्यात सापडली, तेव्हा २०१० साल संपत आले होते.

यावरून तीन नियम सांगतो. सर्व मजकूर, चित्रे आणि इतिहास एका आज्ञेने बाहेर काढता येत नसतील, तर ती प्रणाली घेऊ नये. तशी प्रत दर महिन्याला काढावी आणि ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. त्यांपैकी एक ठिकाण नदीपासून दूर असावे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर पाहिलेल्या लोकांना यामागील कारण सांगण्याची गरज नाही. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न चालवलेले राखीव जनित्र होय.

लेखनाच्या हक्काविषयीही आजच ठराव करून ठेवावा. विकिपीडियावर ज्या अटी आहेत, त्या आपल्याला उपयुक्त आहेत : लेखकाचा उल्लेख करून कोणीही ते लेखन छापावे, सुधारावे, वाटावे, आणि सुधारलेले लेखनही त्याच अटींवर खुले ठेवावे. हा निर्णय पुढे ढकलला आणि दहा वर्षांनी तीसपैकी पाच लेखकांचा पत्ता लागेनासा झाला, तर लेखन दुसरीकडे नेण्यासही संमती मिळणार नाही.

माझी सूचना

आता प्रत्यक्ष सल्ला देतो. आपण डोकुविकीने आरंभ करावा. त्याला खर्च कमी आहे, भ्रमणध्वनीवरून लिहिता येते, मजकूर साध्या फाइलींत राहतो आणि पुढे कोणत्याही मार्गावर नेता येतो. आपल्यातील दोन-तीन संगणक जाणणाऱ्या तरुणांनी त्या फाइलींची प्रत गिटमध्ये ठेवावी. इतरांना त्याची दखल घेण्याचे कारण नाही. पाने हजाराच्या घरात गेली आणि सांभाळणारी माणसे मिळाली, तर मीडियाविकीचा विचार तेव्हा करता येईल.

परंतु माझ्या शब्दावर विसंबू नका. प्रणाली पसंत करण्यापूर्वी महिनाभर दहा पाने लिहून पाहा. ती पाने संगणक जाणणाऱ्यांनी लिहू नयेत, ऑपरेटरांनी लिहावीत. त्यांना कोठे अडते ते शेजारी बसून पाहावे आणि मध्ये बोलू नये. नंतर ती दहा पाने छापून पंपगृहाच्या भिंतीवर लावावीत. पुष्कळ पंपगृहे नदीच्या खोलगट काठावर आहेत, तेथे भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. रात्री दोन वाजता मोटार बंद पडली तर माणूस भिंतीवरचा कागदच वाचणार. त्या कागदावर पानाची तारीख छापलेली असावी, म्हणजे जुना कागद कोणता आणि नवा कोणता हे कळेल. लिहिणे, शोधणे, तपासणे आणि छापणे या चारही गोष्टी महिन्याभरात विनातक्रार झाल्या, तर प्रणाली योग्य आहे असे समजावे.

शेवटी खर्च आणि माणूस यांचा विचार करावा. संकेतस्थळाचे नाव आणि जागा यांचे वार्षिक भाडे कोणाच्या खिशातून जाणार, आणि ते कोणाच्या नावावर असणार, हे लिहून ठेवा. एखाद्या उत्साही तरुणाच्या नावावर ते घेतले जाते, त्याला पुण्या-मुंबईत नोकरी लागते, नूतनीकरण राहून जाते आणि सगळ्यांचे काम एका रात्रीत दिसेनासे होते. परवलीचे शब्द किमान तिघांकडे असावेत. संस्थेच्या तिजोरीची किल्ली आपण एकाकडे ठेवीत नाही, तोच व्यवहार येथेही पाळावा.

समारोप

मित्रहो, सहकाराच्या मार्गाने आपल्या भागाने नदीचे पाणी माळावर चढविले. त्या वेळी पंप कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर बैठकांतून वाद झाले असतील. आज ते पंप बदलले गेले, पाइपलाइन बदलली, काही संस्थांची नावेही बदलली, पण माळावरचा ऊस आणि द्राक्षबाग उभी आहे. प्रणालीच्या निवडीकडेही आपण त्याच दृष्टीने पाहावे. निवड विचारपूर्वक करावी, पण तिच्यात वर्ष घालवू नये. आपल्यातील ज्येष्ठ ऑपरेटरांपैकी काहीजण येत्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होत आहेत. प्रणाली पुढच्या वर्षी बदलता येईल. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी मात्र आताच लिहून घ्याव्या लागतील.

तेव्हा येत्या रविवारी पहिली दहा पाने लिहावयास बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.